बेटावरच्या पत्रकारासाठी ग्रुप चालवायचा तर

पॅसिफिकमधल्या बेटांवर कुणा पत्रकाराला अटक झाली तर त्याच्या पाठीशी उभं राहायला ग्रुप काढताय? मग किती जण आले हे नंतर बघा, आधी कोण कुठे राहतं ते बघा. नाउरू या बेटाएवढ्या देशाची वस्ती बारा हजारांच्या आसपास. एवढ्याशा जागेत बातमीदार आणि मंत्री एकमेकांना ओळखतात, कधी नात्यातलेही निघतात. निषेधाच्या पत्रावर सही करायला कोण धजावणार? बाहेरचा पत्रकार तरी येईल म्हणावं, तर 2014 मध्ये नाउरूने पत्रकारांच्या व्हिसाची फी 200 वरून 8000 ऑस्ट्रेलियन डॉलर केली, आणि अर्ज फेटाळला तरी पैसे परत नाहीत! म्हणून मी जोडीचा आग्रह धरते: एक जण बेटावरचा, एक ऑकलंड किंवा ब्रिस्बेनला स्थायिक झालेला. माहिती पहिल्याची, सही दुसऱ्याची.

कुणाला उचलल्याचा मेसेज आला की लगेच फॉरवर्ड करू नका. आधी एवढं विचारा: कोणी नेलं, कुठल्या कायद्याखाली, वकील भेटला का, आणि नाव जाहीर करायला त्याची किंवा घरच्यांची हरकत नाही ना? शेवटचा प्रश्न कधीही गाळू नका. घरचे पाद्रीबुवांना मध्ये घालून गुपचूप सोडवायच्या खटपटीत असतात आणि आपण इकडे गवगवा करतो. दोघांनी सांगितलं म्हणजे खातरजमा झाली असंही नाही. दोघांनी एकाच तिसऱ्याकडून ऐकलेलं असतं. होकार मिळाला की फिजीतल्या सुव्याच्या ‘पिना’ला, म्हणजे पॅसिफिक आयलंड्स न्यूज असोसिएशनला, कळवा.

‘काल रात्री’ असं लिहू नका. 2011 च्या अखेरीस सामोआने वाररेषेची, म्हणजे जिथे तारीख बदलते त्या रेषेची, बाजू बदलली. शेजारचं अमेरिकन सामोआ तेव्हापासून अख्खा दिवस मागे आहे. तारीख, वेळ आणि गाव तिन्ही हवं.

कायद्याची नोंद ताजी ठेवा. फिजीचा 2010 चा माध्यम कायदा 2023 मध्ये रद्द झाला, तरी जुनी पत्रकं अजून फिरतात. सामोआत उलट: 2013 मध्ये रद्द केलेलं फौजदारी बदनामीचं कलम 2017 च्या अखेरीस परत आलं.

इंटरनेटच्या केबलचं काय? जानेवारी 2022 मध्ये टोंगाजवळ समुद्रातला ज्वालामुखी फुटला, देशाची एकमेव आंतरराष्ट्रीय केबल तुटली आणि दुरुस्तीला पाच आठवडे लागले. अशा वेळी ग्रुप असून नसल्यासारखा. कुणाकडे सॅटेलाइट फोन आहे, त्याचा नंबर बाहेर कोणाकडे आहे, हे आधीच ठरवून कागदावर लिहा. एरवीही मजकूर साधाच पाठवा; जड व्हिडिओ तिकडे उघडत बसायला नको.

माणूस सुटला की ग्रुप थंडावतो, पण खटला चालूच असतो आणि वकिलाची फी तेव्हाच येते. पुढच्या तारखा कॅलेंडरमध्ये टाका, आणि कोर्टात निरीक्षक बसवायचा असेल तर परदेशातल्या पत्रकार संघटनांना काही आठवडे आधी विचारा. आयत्या वेळी तिकिटं मिळत नाहीत.