डिझाइनचे नियम प्रत्यक्ष स्क्रीनवर उतरवताना

कामाला नव्याने लागलेल्यांना नियमांच्या व्याख्या पाठ असतात. अडतं ते समोरच्या स्क्रीनवर नेमकं काय आणि किती हलवायचं, इथे. नियम काम झाल्यावर समर्थनासाठी आठवण्यापेक्षा आखणी तपासताना वापरा.

नोंदणीचा साधा फॉर्म घ्या. लेबल आणि त्याची चौकट यांत १६ पिक्सेल, आणि चौकट ते पुढचं लेबल यांतही १६, अशी आखणी नवखे हमखास करतात. दिसते नीटनेटकी, पण लेबल वरच्या चौकटीचं की खालच्या हे नजरेला चटकन कळत नाही. लेबल चौकटीपासून ८ वर आणा, दोन गटांत २४ ठेवा. रेघही नको, रंगही नको. जवळिकीचा नियम एवढंच सांगतो: जवळच्या गोष्टी नजरेला एका गटाच्या वाटतात. आता भरताना चूक झाल्याची सूचना दाखवून पाहा. ती त्या २४ मध्येच घुसते आणि पुढच्या लेबलला चिकटते, म्हणून तिची जागा आखणीतच धरायला हवी.

चौकटीत काय भरायचं ते सुचवणारा फिकट करडा मजकूर ही दुसरी नेहमीची चूक. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत एए पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर) लागतो, मोठ्या अक्षरांना ३:१. पांढऱ्यावर #७७७७७७ हा करडा ४.४८ वर अडकतो, #७६७६७६ पास होतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, त्यामुळे अंदाजावर जाऊ नका, मोजा. आणि त्या मजकुरालाच लेबल करू नका: टाइप करायला लागलं की तो गायब होतो.

फिट्सचा १९५४चा नियम लक्ष्याचा आकार आणि अंतर यांबद्दल आहे: लक्ष्य मोठं आणि जवळ असेल तर ते पटकन गाठता येतं. आयकॉन २४चा असला तरी चालेल, पण बोट लागण्याची जागा अँड्रॉइडवर ४८ डीपी, आयफोनवर ४४ पॉइंट ठेवा (ही त्या-त्या फोनची मापाची एककं). ‘जतन करा’ला खेटून ‘काढून टाका’ मात्र कधीही नको.

देवनागरी मजकुराला ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट तरी द्या. १.२ ठेवलं तर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडते. नमुना मजकुरात हे नजरेतून सुटतं, म्हणून पहिल्या दिवसापासून खरा मजकूर भरा: सगळ्यांत लांब नाव, रिकामी यादी, नेटवर्क गेल्याची सूचना.

मग फोन दुसऱ्याच्या हातात द्या, एक काम सांगा आणि गप्प बसा. तो जिथे थबकेल तिथे अंतर, आकार, कॉन्ट्रास्ट, शब्द या क्रमाने तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला. नाहीतर कशामुळे सुधारलं ते कळणार नाही.