रनिंग करून फरक पडत नाही? जनुकांवर खापर फोडण्याआधी या चुका टाळा

मी आणि माझी धाकटी बहीण, सख्ख्या, शिवाजी पार्कात एकाच दिवशी पळायला लागलो, आठवड्यातून दोनदा, पहाटे साडेपाचला, सेम प्लॅन, आणि तीन महिन्यांत ती कट्ट्याला राऊंड मारता मारता गप्पा मारायला लागली, मला मात्र दुसऱ्याच राऊंडला धाप. "तुझ्या अंगातच नाहीये गं ते," ती प्रेमानेच म्हणाली, आणि मी जवळपास सोडूनच दिलं. पहिली चूक हीच.

जनुकांचा वाटा आहेच, नाही असं नाही. हेरिटेज फॅमिली स्टडीमध्ये व्यायाम न करणाऱ्या कुटुंबांना 20 आठवडे सारखंच सायकलिंग दिलं होतं. व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ते सरासरी 400 मिली वाढलं, पण कोणाचं जेमतेम तर कोणाचं 1 लिटरच्या वर. 1999 मध्ये संशोधकांनी मांडलं की या फरकात घराण्याचा वाटा फार तर 47 टक्के. आणि त्यातही एकाच घरातलं खाणंपिणं, सवयी मिसळलेल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त गोष्टी अजून तपासायच्या बाकी आहेत ना!

दुसरी चूक, डोस कमी ठेवून निकाल लावणं. 2017 च्या एका अभ्यासात आठवड्याला एकच तास व्यायाम करणाऱ्यांत फरक न पडलेले बरेच निघाले, चार-पाच तास करणाऱ्यांत एकही नाही, आणि ज्यांना फरक पडला नव्हता त्यांना आणखी सहा आठवडे दोन सेशन्स वाढवून दिल्यावर सगळ्यांनाच पडला. लगेच पाच दिवस पळू नका हं, गुडघे बोलतील, आधी एक दिवस वाढवा.

तिसरी, आणि बायकांसाठी सगळ्यात महत्त्वाची: रक्त न तपासणं. एनएफएचएस-5 या सरकारी आरोग्य पाहणीप्रमाणे देशात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना ॲनिमिया आहे, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन कमी. माझं हिमोग्लोबिन 12.2 होतं, म्हणून मी निवांत, पण फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचं माप, फक्त 9! साठाच रिकामा, त्यात दर महिन्याची पाळी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मी त्या सकाळच्या चहासोबतच गिळायचे, चहाने लोह नीट शोषलंच जात नाही हे नंतर कळलं.

पण मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका प्लीज. रिपोर्टमध्ये एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) कमी आणि आरबीसी काउंट (लाल पेशींची संख्या) जास्त दिसला तर थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा सौम्य प्रकार, असू शकतो, सिंधी, कच्छी, लोहाणा घरांत जास्त दिसतो पण आपल्यातही असतो, आणि तो खरोखरच जनुकांतून आलेला असतो. लोह कमी नसेल तर त्यात गोळ्यांचा उपयोग नाही. डॉक्टरांना एचबीए-टू टेस्टचं, म्हणजे हा थॅलेसेमिया ओळखायच्या रक्ततपासणीचं, विचारा.

लाळेची डीएनए टेस्ट करून "तू स्प्रिंटर, तू मॅरेथॉनर" सांगणाऱ्या पॅकेजेसवर पैसे घालू नका. एसीटीएन-थ्री या स्नायूंशी संबंधित जनुकाचं नाव त्यात हमखास असतं, पण एवढ्यावरून तुमचा प्लॅन ठरत नाही, 2015 मध्ये तज्ज्ञांनी एकत्र येऊन हेच सांगितलंय.

आणि ऑक्टोबर हीटमधला टाइम जानेवारीशी लावू नका, घामाने निथळत असताना नाडी वरच धावणार. तोच रस्ता, तीच वेळ, पाळीचे साधारण तेच दिवस, आणि जानेवारीची तुलना पुढच्या जानेवारीशी.