जिओथर्मल हीट पंपासाठी थर्मोस्टॅट घेताना

थर्मोस्टॅट किती देखणा आहे हे नंतर पाहा, आधी पंपाचं मॅन्युअल उघडा. बरेच जिओथर्मल पंप (जमिनीतली उष्णता घरात आणणारे) दोन टप्प्यांत, म्हणजे कमी आणि पूर्ण क्षमतेने, चालतात आणि कडाक्याच्या थंडीसाठी जोडीला विजेची हीटिंग कॉइल असते. हे सगळं वेगवेगळं हाताळणारा, हीट पंपासाठीचाच थर्मोस्टॅट हवा.

खरी मेख त्या कॉइलमध्ये आहे. पंप एका युनिट विजेत साधारण तीन-चार युनिट उष्णता देतो, कॉइल जेमतेम एक. म्हणून कॉइल कधी सुरू व्हावी, त्याआधी किती वेळ थांबावी हे ठरवता येणारं मॉडेल निवडा. रात्री तापमान बरंच खाली आणून सकाळी एकदम चढवलं, तर साधा थर्मोस्टॅट लगेच कॉइल पेटवतो आणि रात्रीची बचत तिथेच संपते. त्यापेक्षा तापमान स्थिर ठेवणं बरं; ‘स्मार्ट’ वेळापत्रकाचं एरवी होणारं कौतुक इथे फारसं कामाचं नाही.

वायफाय हवं असेल तर भिंतीत ‘सी’ वायर (थर्मोस्टॅटला सतत वीज पुरवणारी तार) आहे ना, तेवढं बघा. पंप व्हेरिएबल स्पीडचा (गरजेनुसार वेग बदलणारा) असेल तर मात्र बहुतेक वेळा कंपनीचाच थर्मोस्टॅट लागतो.