जोडीदाराला सांगताना

मी बायसेक्शुअल आहे, म्हणजे मला पुरुष आणि स्त्रिया दोघांबद्दलही ओढ वाटते, हे नवऱ्याला सांगायला मला चार वर्षं लागली. सांगितलं तेही ऐन भांडणात. तसं करू नका. दोघंही निवांत असाल अशी वेळ निवडा.

पहिलं वाक्य आधी लिहून काढा. उदाहरणार्थ: "मला स्त्रियांबद्दलही ओढ वाटते, आणि मला तुझ्याबरोबरच राहायचंय." नवऱ्याने विचारलं, "मग मी कमी पडलो का?" हे फार लागतं, पण त्यामागे बहुतेकदा भीती असते. ओढ वेगळी, दिलेला शब्द वेगळा, हे शांतपणे सांगा. दोन-तीनदा सांगावं लागेल. मात्र जोडीदार फोन तपासू लागला किंवा चारचौघांत सांगायची धमकी देऊ लागला, तर तो छळ आहे. तिथे समजावत बसू नका, भरवशाच्या माणसाकडे जा.

लपवण्याचा ताण अंगावर निघतो. माझी झोप उडाली होती. समुपदेशकाला पहिल्याच भेटीत विचारा, "हे तात्पुरतं खूळ आहे असं वाटतं का तुम्हाला?" हो म्हणाले तर दुसरे शोधा. लैंगिक कल हा आजार नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच मान्य केलंय. माझ्या तिसऱ्या समुपदेशक बाई "नाही" म्हणाल्या आणि त्यांनी झोपेबद्दल विचारलं.