मल्चिंगचे कोटेशन कसे वाचावे: मालाचा हिशेब आणि मजुरीचा हिशेब

बागेच्या वाफ्यांवर मल्च, म्हणजे सालीचे किंवा लाकडाच्या चिप्सचे आच्छादन टाकून घ्यायचे ठरले, दोन कंत्राटदारांकडून कोटेशन मागवले आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या दीडपट निघाला, की पहिला संशय नफेखोरीचा येतो. बहुतेक वेळा दोघांनी मोजलेले कामच वेगळे असते. एकाने थर दोन इंच धरलेला असतो, दुसऱ्याने तीन. एकाने तण काढण्याची मजुरी लावलेली असते, दुसऱ्याने तण तसेच गाडायचे ठरवलेले असते. म्हणून आधी आपला हिशेब आपण मांडावा.

पायरी १: घनफळ काढा

मल्च वजनावर घेऊ नये. भिजलेली साल सुक्या सालीपेक्षा खूप जड भरते आणि फरकाचे पैसे पाण्याचे जातात. मोजमाप घनफुटांत करावे: लांबी आणि रुंदी फुटांत, जाडी इंचांत घ्या, तिघांचा गुणाकार करा आणि १२ ने भागा. ४० फूट लांब, ६ फूट रुंद वाफ्यावर ३ इंच थर हवा असेल तर ४० × ६ × ३ ÷ १२ = ६० घनफूट. वाकड्यातिकड्या वाफ्याचे चौकोन-त्रिकोण पाडून बेरीज करावी.

आता लोक विसरतात ती गोष्ट: जुना थर. चार-पाच ठिकाणी माती लागेपर्यंत पट्टी खुपसून पाहा. इंचभर जुने आच्छादन शिल्लक असेल तर नवे दोनच इंच लागते, म्हणजे ६० ऐवजी ४० घनफूट. मालाचा तिसरा हिस्सा तिथेच वाचतो. थर खाली बसतो आणि थोडा माल सांडतो, त्यासाठी ५ ते १० टक्के जास्त धरा.

जाडी मालावर ठरते. भरड चिप्सना ३ इंच ठीक, फार तर ४. बारीक कुटलेल्या मालाला दीड-दोन इंच पुरे. तो दाबून बसतो आणि जाड थरातून मुळांपर्यंत हवा-पाणी नीट पोचत नाही.

पायरी २: सुटा की पिशव्या

१ घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. वरच्या ६० घनफुटांना ५० लिटरच्या ३४ पिशव्या लागतात. सुटा माल घनफुटामागे सहसा स्वस्त पडतो, पण त्यावर गाडीभाडे बसते आणि ते अर्ध्या गाडीलाही जवळपास तेवढेच असते. त्यामुळे छोट्या कामाला पिशव्या परवडतात. सुटा माल आला की उतरवण्याआधी गाडीच्या हौद्याची आतली लांबी-रुंदी आणि मालाची उंची मोजून घ्यावी. ‘एक गाडी’ हे माप नव्हे.

पायरी ३: मजुरी कुठे वाढते ते पाहा

खरा पैसा इथे आहे. एका हातगाड्यात ५ घनफूट मावते असे धरा. ६० घनफुटांच्या १२ खेपा झाल्या. गाडी वाफ्याजवळ लागत असेल तर भरणे, ढकलणे, ओतणे आणि दंताळ्याने पसरणे मिळून खेपेला १० मिनिटे धरा. एका माणसाचे दोन तास. गाडी लांब थांबली, मध्ये पायऱ्या आल्या आणि खेप २० मिनिटांवर गेली, की चार तास. माल तोच, मजुरी दुप्पट. त्यामुळे जागा न पाहता फोनवर सांगितलेल्या दरावर फार भरवसा ठेवू नये.

तण काढणे, वाफ्याच्या कडा कापणे, कुजका जुना थर उचलून बाहेर नेणे ही पूर्वतयारी पसरण्यापेक्षाही जास्त वेळ खाऊ शकते. ती कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत मागा. एकेका ओळीची तुलना करता येते, एकरकमी आकड्याची येत नाही.

पायरी ४: दर कशावर लावलाय ते ओळखा

दर क्षेत्रफळावर असेल तर थर पातळ टाकण्यात कंत्राटदाराचा फायदा. घनफळावर असेल तर जाड टाकण्यात. म्हणून दोन्ही बाबतींत जाडी लेखी हवी, आणि तीही पसरल्या दिवशी मोजायची. काही आठवड्यांनी थर बसतोच, त्यावरून भांडण नको.

मालाचा दर दुकानातल्यापेक्षा जास्त दिसला तर लगेच बिथरू नका. माल आणणे, चढवणे-उतरवणे, नासधूस, अवजारांची झीज आणि प्रवासाचा वेळ कुठेतरी वसूल व्हायचाच. शिवाय विक्रीच्या रकमेवर २० टक्के नफा हवा असेल तर १०० च्या खर्चाला १२५ लावावे लागतात. १२० लावले तर नफा १६.७ टक्क्यांवर येतो. माल तुम्ही आणून दिला की मजुरीचा दर वाढतो, कारण हे खर्च आणि नफा मग मजुरीतूनच काढावे लागतात. छोट्या कामावर किमान आकार, म्हणजे काम कितीही लहान असले तरी घेतली जाणारी ठरावीक रक्कम, लागतो; छाटणी किंवा लागवड त्याच दिवशी करून घेतली तर तो अंगावर येत नाही.

पायरी ५: माल आला की

ढिगात हात घालून वास घ्या. मातीसारखा वास चांगला. व्हिनेगरसारखा किंवा कुजक्या अंड्यासारखा आंबूस वास म्हणजे हवा न मिळता आंबलेला माल. तो कोवळी झाडे करपवतो. असा माल परत करावा, नाहीतर पातळ पसरून वास पूर्ण जाईपर्यंत वाफ्यापासून दूर ठेवावा.

बुंध्याभोवती ३-४ इंच जागा मोकळी ठेवायला सांगा. बुंध्याला टेकलेल्या ढिगाऱ्याने साल सतत ओली राहते आणि कुजते. दिवस संपताना उरलेले मल्च नेमके तिथेच ओतले जाते, कारण ते परत नेण्याचे भाडे कुणीच धरलेले नसते. उरलेला माल कोणाचा आणि कुठे ठेवायचा, हेही कोटेशनमध्ये लिहून घ्या.