माहितीपर लेखाची मांडणी वाचता वाचता कशी ओळखावी

परळच्या एका अभ्यासिकेत मी रविवारी सकाळी मुलांबरोबर वाचायला बसते. मागे एकदा बारावीतल्या एका मुलाच्या हातात मुंबईच्या पाणीपुरवठ्यावरचा चार पानी लेख होता. पिवळ्या हायलायटरने त्याने जवळजवळ सगळ्या ओळी रंगवल्या होत्या. विहार १८६०, तुळशी १८७९, तानसा १८९२, सगळं पिवळं. "लेख कशाबद्दल आहे?" असं विचारलं तर म्हणाला, "ताई, तलावांबद्दल."

लेख तलावांबद्दल नव्हता. शहर वाढत गेलं तसं पाणी किती लांबून आणावं लागलं, हे लेखकाला दाखवायचं होतं. तलाव हे त्याचे दाखले होते. मुलाच्या सनावळ्या पाठ होत्या, पण त्या कशासाठी आल्या आहेत ते त्याला सांगता येत नव्हतं. त्यात त्याचा दोष नाही. शाळेत आपल्याला धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं शोधायला शिकवतात, धडा कसा रचलाय ते सहसा कुणी दाखवत नाही. आणि ते शिकायला फार दिवस लागत नाहीत, म्हणूनच मला त्याची इतकी तळमळ आहे.

सुरुवात इथून करा: प्रत्येक माहितीपर लेख कुठल्यातरी एका प्रश्नाचं उत्तर देत असतो. काय काय घडलं? का घडलं? या दोघांत फरक काय? अडचण काय आणि उपाय काय? ही गोष्ट चालते कशी? किंवा, माझं म्हणणं तुम्हाला का पटावं? बहुतेक लेख यांतल्या एका प्रश्नावर उभे असतात, बाकीचे मदतीला येतात. तो मुख्य प्रश्न सापडला की मांडणी सापडली.

आधी दोन मिनिटं फक्त पाहा

लेख हातात आला की लगेच पहिल्या ओळीपासून वाचत सुटू नका. शीर्षक, उपशीर्षकं, पहिला परिच्छेद आणि शेवटचा परिच्छेद, एवढंच वाचा. पुस्तक असेल तर अनुक्रमणिका सावकाश वाचा. प्रकरणांच्या नावांत सालं असतील तर बहुधा काळाच्या क्रमाने सांगितलंय, विषय असतील तर विभागून. मग मनात एक अंदाज बांधा: हा कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतोय? अंदाज चुकला तरी चालेल. पुढे वाचताना तो दुरुस्त करायचाच आहे.

शब्दांच्या शेपट्या बघा

मराठीत मांडणीच्या खुणा बऱ्याचदा शब्दाच्या शेवटी चिकटलेल्या असतात. 'कारण', 'म्हणून', 'याउलट' हे सुटे शब्द आहेतच, पण खरं काम 'मुळे', 'पेक्षा', 'ऐवजी', 'साठी', 'नंतर' या शेपट्या करतात. घाईत वाचताना डोळा शब्दाचं तोंड पाहतो आणि शेपटी सोडून देतो.

२६ जुलै २००५ चा पाऊस मुंबईकराला सांगायला नको. तोच दिवस तीन तऱ्हांनी लिहून बघू.

एक: "दुपारी पावसाचा जोर वाढला. त्याच सुमारास समुद्राला भरती आली. संध्याकाळपर्यंत लोकल बंद पडल्या होत्या आणि माणसं रुळांवरून चालत घराकडे निघाली होती."

दोन: "भरतीमुळे पर्जन्यवाहिन्यांचं पाणी समुद्रात जाईना. जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या, त्यामुळे त्या पुऱ्या पडल्या नाहीत. भरावामुळे मिठी नदीचं पात्र आधीच अरुंद झालं होतं. परिणामी काठच्या वस्त्या बुडाल्या."

तीन: "सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला मात्र ७५ मिलिमीटरसुद्धा नाही. एकाच शहरात उपनगरांचे हाल दक्षिण मुंबईपेक्षा कितीतरी जास्त झाले."

पहिल्यात 'सुमारास', 'पर्यंत': घटनाक्रम. दुसऱ्यात 'मुळे', 'त्यामुळे', 'परिणामी': कारणमीमांसा. तिसऱ्यात 'मात्र', 'पेक्षा': तुलना. पाऊस तोच, पण लक्षात काय ठेवायचं ते प्रत्येक वेळी बदललं. पहिल्यात क्रम, दुसऱ्यात कुठली गोष्ट कशामुळे झाली त्याची साखळी, तिसऱ्यात दोन ठिकाणांमधला फरक. ९४४ हा आकडा तिसऱ्या उताऱ्याचा कणा आहे. पहिल्या उताऱ्यात तो आलाही असता तरी त्यावाचून काही अडलं नसतं.

समासात काम लिहा, विषय नको

ही सगळ्यांत उपयोगी सवय आहे, तेव्हा हिच्यावर वेळ घालवा. प्रत्येक परिच्छेद वाचून झाला की पेन्सिलीने समासात एक-दोन शब्द लिहायचे. परिच्छेद कशाबद्दल आहे ते नाही. तो लेखात काय काम करतोय ते. अडचण, उपाय, दाखला, व्याख्या, आक्षेप, उत्तर, असे.

त्या मुलाबरोबर आम्ही पाण्याचा लेख पुन्हा काढला. त्याने आधी लिहिलं होतं: विहिरी, विहार, तुळशी, तानसा. मी म्हटलं, हे खोड आणि कामं लिही. पहिल्या परिच्छेदात जुन्या मुंबईतल्या विहिरी आणि तळी होती, जी वाढत्या वस्तीला पुरेनात. (धोबीतलाव, गोवालिया टँक ही नावं अजून रोज आपल्या तोंडी आहेत, तळी केव्हाच बुजली.) तिथे त्याने लिहिलं, 'अडचण'. विहारपाशी लिहिलं, 'उपाय'. पुढच्या परिच्छेदापाशी जरा थांबला आणि म्हणाला, "ताई, परत अडचण." मग तुळशी: उपाय. परत अडचण. मग तानसा, जो शहराजवळच्या डोंगरात नाही, थेट शहापूर तालुक्यात आहे. तिथे त्याने आपणहून लिहिलं, 'उपाय, पण लांब'.

समास वरपासून खाली वाचला तेव्हा मांडणी उघडी पडली. सालं क्रमाने येत होती म्हणून लेख इतिहासाचा वाटत होता. आतून तो अडचण आणि उपाय यांच्या फेऱ्यांचा होता, आणि प्रत्येक फेरीत उपाय आणखी दूर जात होता. अशा लेखात सालं लक्षात राहायला पाठांतर लागत नाही, कारण प्रत्येक सालाला बसायला जागा असते.

लोकलमध्ये वाचणाऱ्यांना हे विशेष सांगेन. कुर्ल्याला गर्दी आत घुसली की पुस्तक मिटावं लागतं. दादरला पुन्हा उघडलं की समासातले तीन शब्द वाचा. मागचं पान पुन्हा वाचावं लागत नाही.

'खरं आहे' दिसलं की सावध व्हा

"मेट्रो सुरू झाली की लोकलची गर्दी ओसरेल असं अनेकांना वाटतं, आणि काही मार्गांवर ते खरंही आहे; पण..." हे वाचून मुलं लिहितात, 'लेखकाच्या मते मेट्रोमुळे गर्दी ओसरेल.' लेखकाचं मत 'पण'नंतर सुरू होणार होतं! स्पर्धा परीक्षांच्या उताऱ्यांत अशी उत्तरं हमखास चुकतात, कारण चार पर्यायांतला एक या दुसऱ्याच्या मताचा असतो.

'वरवर पाहता', 'असं म्हटलं जातं', 'कबूल आहे', 'अनेकांना वाटतं' हे शब्द दिसले की समासात 'दुसऱ्याचं मत' असं लिहा आणि 'पण', 'परंतु', 'तरीही' कुठे येतो ते शोधा. शिवाय मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आख्खं वाक्य शेवटच्या शब्दावर उलटू शकतं: "या सगळ्याचा दोष एकट्या महापालिकेला देणं योग्य ठरणार नाही." 'नाही'पर्यंत पोचल्याशिवाय मत ठरवू नका.

बातमी, अग्रलेख, अहवाल

बातमीत सगळ्यांत महत्त्वाचं वर असतं. मध्येच सोडलीत तरी बिघडत नाही. अग्रलेख तसा सोडू नका, त्याचं वजन बहुधा शेवटच्या परिच्छेदांत असतं. सरकारी अहवालात आधी समितीची कार्यकक्षा वाचा, म्हणजे तिला कोणता प्रश्न दिला होता ते कळतं. मग थेट शिफारशी वाचा आणि त्यानंतर मधलं. २६ जुलैच्या पुरानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली होती. असा अहवाल पहिल्या पानापासून वाचू लागलात तर आकड्यांतच अडकाल.

गोष्ट कुठून सुरू केलीय ते विचारा

हे शेवटी ठेवलं, कारण हे सगळ्यांत अवघड आहे. 'नंतर' आणि 'मुळे' या दोन शेपट्यांत फार मोठं अंतर आहे. एक गोष्ट दुसरीच्या नंतर झाली एवढंच लेखक लिहितो आणि वाचक मनातल्या मनात 'मुळे' जोडून घेतो.

एका रविवारी मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'संपानंतर गिरण्या बंद पडल्या.' 'संपामुळे गिरण्या बंद पडल्या.' संप म्हणजे कापड गिरण्यांमधल्या कामगारांचा, १८ जानेवारी १९८२ ला कामगारनेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांचे आजोबा गिरणीत होते. मी म्हटलं, घरी दोन्ही वाक्यं वाचून दाखवा आणि कुठलं पटतं ते विचारून या.

पुढच्या रविवारी एक मुलगी वहीत लिहूनच आली. तिच्या आजोबांनी दोन्ही वाक्यं नाकारली होती. "संपाच्या आधी मालकांनी नव्या यंत्रांवर पैसा घालणं सोडलं होतं, गोष्ट तिथून सुरू कर," असं ते म्हणाले होते. ती म्हणाली, मग मी आपण वाचलेला गिरण्यांवरचा लेख परत काढून बघितला. लेखाची पहिलीच ओळ संपाच्या तारखेने सुरू होत होती, आणि तिने समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: '१९८२ पासून सुरू. आधीचं नाही. का?'