महापालिकेचा नियम कोर्टात दाखवताना या चुका टाळा

बांधकामाची नोटीस आली की लोक बाजारातून युडीसीपीआरचं, म्हणजे राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीचं, जाडजूड पुस्तक आणतात, नियमाखाली रेघ मारतात आणि वकिलापुढे ठेवतात. पण खासगी प्रकाशकाचं पुस्तक किंवा इंटरनेटवरची ‘अद्ययावत’ पीडीएफ हे संकलन आहे, कायदा नव्हे. कायदा म्हणजे राजपत्रातली अधिसूचना. संकलन करताना एखादं परंतुक (नियमाला जोडलेली अट किंवा अपवाद) गळलं, तर धरला जाईल तो राजपत्रातला मजकूर. पुस्तकात नियम जरूर शोधा, दाव्याला मात्र राजपत्राची प्रत जोडा.

‘कोर्टाला कायदा माहीतच असतो’ या भरवशावरही राहू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ५२ प्रमाणे न्यायालय कायद्याची स्वतःहून दखल घेतं, हे खरं. पण संबंधित पुस्तक वा दस्तऐवज समोर ठेवेपर्यंत दखल घ्यायला नकार देण्याची मुभाही त्याच कलमात आहे. महापालिकेच्या महासभेचं कामकाज दाखवायचं असेल तर याच अधिनियमाचं कलम ७७ बघा. प्रमाणित प्रत हवी, नाहीतर महापालिकेच्या अधिकाराने छापलेलं पुस्तक. ओळखीतून मिळालेली साधी झेरॉक्स पुरत नाही. शिवाय महासभेत ठराव झाला म्हणून उपविधी (महापालिकेने स्वतः केलेला नियम) लागू होत नाही, त्याला शासनाची मंजुरी लागते. ती मिळाल्याचा कागद मागाच.

सगळ्यात महागात पडते ती तारखेची चूक. युडीसीपीआर डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली आणि त्यानंतर अनेकदा बदलली. हातातलं पुस्तक आजचं, तुमचा मंजूर नकाशा मात्र जुना, असं सर्रास होतं. पुणे कॅन्टोन्मेंटच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये स्पष्ट केलं, की नकाशा दाखल केला त्या दिवशीचे नव्हे, तर मंजुरीच्या दिवशी अमलात असलेले उपविधी लागू होतात. तेव्हा आधी मंजुरीची तारीख लिहून काढा. मग त्या तारखेपर्यंतचे फेरबदल क्रमाने लावा. हे काम किचकट आहे, पण एफएसआयचा (भूखंडावर किती बांधकाम करता येईल याचा) वाद बरेचदा इथेच सुटतो. बृहन्मुंबईत युडीसीपीआर लागू नाही, तिथे मुंबईची वेगळी नियमावली, डीसीपीआर २०३४, पाहावी लागते.

सोसायटीचे उपविधी या पंगतीत बसवू नका. त्यांना कायद्याचं बळ नाही, ते सभासदांना बांधणारे अंतर्गत नियम आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच सांगितलं आहे. पार्किंगच्या भांडणात ते उपयोगी पडतील, महापालिकेच्या नोटिशीला उत्तर म्हणून नाही.